मागचा थांबलाय

१

फोन वाजला तेव्हा तो एका आजीबाईंचे डोळे तपासत होता. आजी मोठ्या वस्ताद. तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्यांनी धडाधड म्हणून दाखवली आणि लढाई जिंकल्यासारख्या खुर्चीत मागे टेकल्या.

"आजी, तक्ता मी बदललाय," तो म्हणाला. "तुम्ही जुना पाठ करून आलात."

"मग आधी सांगायचं नाही का?" आजी उखडल्या. "उगाच माझी मेहनत वाया."

दुकानात सगळे हसले. तोही हसला. हसत हसतच त्याने फोन उचलला. ताईचा होता. दुकानाच्या वेळेत ताई कधी फोन करत नसे.

"अरे," ती म्हणाली, "हे गेले. गोल्फच्या मैदानावरच. तळ्याच्या होलवर उभे होते म्हणे, मग खाली बसले, आणि…" वाक्य तिने तिथेच सोडलं.

"येतो," तो म्हणाला. फोन ठेवला, आजींच्या नाकावरच्या जड चौकटीत पुढची काच सरकवली आणि विचारलं, "आता कसं दिसतंय?"

"आता स्वच्छ," आजी म्हणाल्या.

आपण हे कसं केलं, याचं त्याला पुढे फार नवल वाटलं. पण हाताला सवय असते, आणि हाताला बातमी उशिरा कळते.

त्याच दिवशी सकाळी भावजींचा फोन येऊन गेला होता. भावजी म्हणजे ताईचे यजमान. उभा जन्म बॉयलर तपासण्यात गेलेला. त्या घरघराटात कान थोडे गेले होते आणि आवाज वाढला होता. फोनवर बोलले तरी शेजारच्या दुकानात ऐकू जाई.

"ए भिंगोबा! मागच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी बघ. धूर कुठे चाललाय?"

त्याने बघितलं. थंडीच्या दिवसांत धूर नेहमी बाजाराकडे येतो, ताईच्या वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावतो. आज तो दुसरीकडे, मोकळ्या माळाकडे चालला होता.

"उलटलाय वारा! अख्खं मैदान उलटं झालंय. तळ्याच्या होलवर मागून वारा! असं मी कधी पाहिलं नाही. येतोस?"

"भावजी, दुकान आहे."

"दुकानाला काय पाय फुटणारेत? बरं, राहू दे. मी होतो पुढे. तू ये मागनं."

२

बॉयलर तपासायला जाणारा माणूस हातोडीने पत्र्यावर टकटक करतो आणि कान देतो. आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत. बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे. ही खोड भावजींच्या अंगात मुरली होती. दुकानात आले की दाराच्या चौकटीवर बोटाने टक, टक. टेबलावर टक, टक. मैदानावर गेले की गोल्फच्या काठीने खांब, बाकडं, झाड, जे दिसेल त्यावर टक, टक. मग मान कलती करून ऐकत राहायचे. "काय म्हणतंय झाड?" असं त्याने विचारलं की म्हणायचे, "तुझ्यापेक्षा तब्येत बरी आहे त्याची."

माणूस भारी उतावळा. लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणार, चहा निवायच्या आत पिणार आणि जीभ भाजली म्हणून ताईवर चिडणार. पण मैदानावर पाऊल टाकलं की दुसराच माणूस. तिथली एक रीत त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवली होती. पुढचा माणूस रेंगाळत असेल, चेंडू शोधत असेल, तरी मागच्याने थांबायचं. हाका मारायच्या नाहीत, खाकरायचं नाही. पुढच्याने बाजूला होऊन हात वर केला की मगच आपण फटका मारायचा आणि पुढे निघायचं.

"आणि त्याने हात वर केलाच नाही तर?" त्याने विचारलं होतं.

"तर थांबायचं."

"किती वेळ?"

"मरेपर्यंत थांब की! घाई कसली आहे?"

ताईच्या घरातली माणसांची ये-जा ओसरली, तेव्हा एका दुपारी तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याशी पाठ करून ती उभी होती. भावजींचे बूट तिने पुसून, आत कागद कोंबून, खिडकीत ठेवले होते, जसे ते स्वतः ठेवायचे.

"तू एकदा मैदानावर जाऊन ये," ती म्हणाली.

"कपाटातलं त्यांचं सामान आणायचंय का?"

"सामान राहू दे. त्यांचा डाव अर्धा राहिला. तळ्याच्या पुढची होलं तेवढी खेळून ये."

"ताई, असं कुठे असतं का?"

"नसतं. मला कळतं नसतं ते." ती वळली. "पण त्यांना अर्ध्यात टाकलेलं काही चालायचं नाही, हे तुला माहीत आहे. रेडिओवरची मॅच हरतोय असं दिसलं तरी शेवटपर्यंत ऐकत बसायचे. मी डोळे मिटले की तेच दिसतं रे. अर्ध्यात उभे आहेत. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. तू खेळून आलास म्हणजे मला सांगता येईल, की झालं सगळं."

"कुणाला सांगणार?"

"मलाच," ताई म्हणाली. "दुसरं कोण आहे आता इथे?"

तो हो म्हणाला.

३

तो मैदानावर गेला त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. वारा असा, की गाडीचं दार उघडायला जोर लावावा लागला. चिमणीचा धूर नेहमीसारखा बाजाराकडे, जमिनीला समांतर चालला होता. क्लबाच्या व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या कुणीतरी भिंतीला तोंड करून लावून ठेवल्या होत्या. माळी कानाला मफलर गुंडाळून त्याच्या छोट्या गाडीत बसला होता.

"एकटेच साहेब? आज कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

"मलाही हौस नाही. काम आहे म्हणून आलो."

"गोल्फचं काम?" माळी हसला, आणि मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्याने मफलर सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं.

भावजींची काठ्यांची पिशवी क्लबातल्या कपाटात होती. त्याने तिला हात लावला नाही. लावून उपयोगही नव्हता. भावजी डावरे. त्यांच्या काठ्यांची तोंडं उलटी. अख्ख्या क्लबात डावरे असे ते एकटेच, आणि त्यावरून त्यांची थट्टाही पुष्कळ व्हायची.

तो पहिल्या होलपासून, म्हणजे झेंडा लावलेल्या भोकापर्यंतच्या पहिल्या टप्प्यापासून, सुरू करून खेळत निघाला. वाऱ्यात खेळणं म्हणजे खेळणं नव्हेच, भांडण. चेंडू उडायचा, वर जाऊन क्षणभर घुटमळायचा आणि कुणीतरी ढकलल्यासारखा बाजूला पडायचा. बोटं बधिर झाली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. झेंड्यांची कापडं फडफडत नव्हती, चाबकासारखी कडकड वाजत होती. तरी त्याला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी डोकं रिकामं झालं होतं. चेंडू, वारा, काठी, बस्स.

'लांबडं' म्हणतात त्या होलवर चेंडू खड्ड्यात गेला. वाळूतून काढायला त्याला फार वेळ लागला. वाळू सारखी करून तो वर आला, आणि सहज मागे बघितलं.

टीवर, म्हणजे तो मघाशी जिथून पहिला फटका मारून निघाला होता त्या सपाट उंचवट्यावर, कुणीतरी उभं होतं.

पिशवी शेजारी उभी केलेली. एक हात पिशवीवर. वाट बघत.

कुणीतरी आलं म्हणायचं, त्याला वाटलं. आपल्यासारखाच एक वेडा. आपण हळू आहोत, तो एकटा आहे, त्याला पुढे सोडायला हवं. त्याचा हात अर्धा वर गेलासुद्धा.

तेवढ्यात आवाज आला. टण. टण. लोखंडावर काहीतरी आपटल्याचा.

टीच्या शेजारी होलच्या नावाची पाटी आहे, लोखंडी पाइपावर. पाटी सैल झाली असेल, वाऱ्याने हलत असेल. पण त्याचा हात खाली आला, आणि त्याने तो खिशात घातला.

४

तो डोळ्यांच्या धंद्यातला माणूस. डोळे काय काय फसवतात, हे त्याला पुरतं ठाऊक. थंड वाऱ्याने पाणी येतं, पाण्याने उभा खांबसुद्धा डुलतो. आणि माणूस डोळ्यांनी कमी बघतो, पाठांतराने जास्त. त्या आजी काय करत होत्या? समोर नसलेली ओळ वाचत होत्या, आणि खोटं बोलतोय असं त्यांना वाटतही नव्हतं. त्यानेही या मैदानावर इतकी वर्षं एकच माणूस पाहिला होता. तो पाठ झालेला असणारच.

असं स्वतःला समजावत त्याने ते होल पुरं केलं. पुढच्या टीवरून फटका मारला. चालत निघाला. मागे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं.

मागचा आता या टीवर होता. तसाच. पिशवीवर हात.

त्याच्याशेजारीच आधीच्या होलचा झेंडा होता. तो याने स्वतः, आत्ताच, भोकात रोवून ठेवला होता. याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढचा झेंडा बाजाराकडे ताणलेला होता. डावीकडचा, दूरचा, तोही बाजाराकडे. धूर बाजाराकडे. त्या माणसाजवळचा एकटा झेंडा माळाकडे ताणला होता, तेवढाच कडक, तेवढाच सरळ.

मैदानात उंचसखल भाग असतात, वारा झाडांना आपटून फिरतो. असं होत असेल. होतही असेल. आपण कधी नीट पाहिलं नाही, एवढंच.

तो भराभर खेळू लागला. काठी निवडण्यात वेळ घालवेना. भोकाजवळ आलेला चेंडू न ढकलताच उचलून खिशात टाकू लागला. म्हणजे पळत होता, असं म्हटलं तरी चालेल. पण कितीही भराभर गेला तरी मागचा बरोबर एक होल मागे. ना जवळ, ना लांब. तो फटका मारताना कधी दिसला नाही. चालताना दिसला नाही. दिसला की उभाच.

आणि प्रत्येक टीवरून तोच आवाज. टण, टण. मग शांतता, कान देऊन ऐकण्याएवढी. वारा समोरून तोंडावर मारत होता, आणि मागचा आवाज पाठीकडून इतका स्वच्छ येत होता, की पाइप पोकळ आहे हेही कळावं.

तळ्याच्या होलपाशी आल्यावर त्याला वाटलं, इथूनच घरी जावं. क्लबाकडे जाणारी पायवाट तिथून फुटते. पण ताईने सांगितलेला डाव खरा सुरू व्हायचा तो इथून. इथपर्यंतची होलं भावजी खेळले होते. राहिली होती ती यापुढची.

टीवरचं गवत एका जागी दबलेलं होतं. त्याने तिथे न बघता चेंडू ठेवला आणि मारला.

५

चेंडू वाऱ्याने उचलला आणि तळ्याकाठच्या उंच गवतात नेऊन टाकला. फार लांब गेलाच नाही. तो गवतात शिरून काठीने चाळवू लागला. गवत गुडघ्याएवढं, टोकाला पांढरं पडलेलं. चेंडू सापडेना. तळ्याचं पाणी बारीक बारीक आवाज करत काठाला लागत होतं.

रीत अशी, की चेंडू सापडत नसेल तर मागच्याला पुढे सोडायचं. ताटकळत ठेवायचं नाही.

त्याने खालमानेने शोधणं चालू ठेवलं.

माळ्याची गाडी आली. झाडांमागून निघून टीच्या समोरून पलीकडे जाणारा रस्ता आहे, त्यावरून खडखडत येत होती. हायसं वाटून तो हाक मारणार होता. टीपाशी येता येता गाडी थांबली. माळ्याने इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि टीकडे बघत गप्प बसून राहिला. कुणी फटका मारायच्या तयारीत असलं म्हणजे माळी असाच थांबतो. आवाज नको, हालचाल नको.

थोड्या वेळाने माळ्याने टीच्या दिशेने किंचित मान लववली, इंजिन सुरू केलं आणि गाडी निघून गेली.

मग त्याला वर बघावंच लागलं.

आधीपेक्षा अंतर बरंच कमी होतं. तरी चेहरा दिसत नव्हता. याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते याने पुसलं नाही. त्या माणसाच्या जाकिटाचा घोळ वाऱ्याने पुढे, याच्याकडे, उडत होता. याच्या तोंडावर वारा, आणि त्याच्या पाठीवर. त्या माणसाने काठी उचलली, दोन पावलं पुढे आला, चेंडूच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिला, जिथे या क्लबात कुणी उभं राहत नाही, आणि खांद्यावरून डावीकडून काठी सावकाश फिरवली. नुसती, हवेत. मग पुन्हा मागे सरला, पिशवीवर हात ठेवला आणि थांबला.

हात वर करायचा आणि बाजूला व्हायचं. यापेक्षा जास्त काहीच नव्हतं. मग तो फटका मारेल, मागून वारा घेऊन चेंडू लांबच लांब जाईल, आणि तो चालत येईल, या गवताच्या कडेने, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून जाईल. पुढे जाईल. राहिलेली होलं खेळेल. ताईला जे हवं आहे तेच होईल, याने खेळण्यापेक्षा चांगलं होईल.

दोघेही एकटे असले तर पुढे निघालेला म्हणतो, "चला की, बरोबरच खेळू." हीही रीतच आहे, आणि तिला नाही म्हणायची पद्धत नाही.

त्याला भीती नक्की कशाची वाटली, हे त्याला कधीच नीट सांगता आलं नसतं. तसं ते म्हणतील याची, की काहीच न म्हणता, ओळख न दाखवता, परक्या माणसाला लववतात तशी मान लववून निघून जातील याची. पुढे गेलेला माणूस पुन्हा मागे येत नाही. आत्ता निदान तो तिथे होता. थांबला होता. हात वर होईपर्यंत कुठे जाणार नव्हता.

त्याने काठी पिशवीत घातली. चेंडू तसाच गवतात सोडला. तळ्याला वळसा घालून, काट्याकुट्यांतून, पायवाट नसलेल्या बाजूने तो क्लबाकडे चालू लागला. पळाला नाही. पाठीमागे लोखंड वाजलं नाही, खाकरल्याचा आवाज आला नाही, हाक आली नाही.

६

व्हरांड्यात माळी चहा पीत बसला होता. त्याने विचारायच्या आधीच दुसऱ्या कपात चहा ओतला.

"झालं काम, साहेब?"

"मघाशी गाडी का थांबवलीत?"

"कधी? तळ्यापाशी? अहो, कुणी बॉल मारायला उभं असलं तर थांबायलाच लागतं. नाहीतर साहेब लोक ओरडतात."

"कोण होतं?"

माळ्याने कप खाली ठेवला. "मला वाटलं तुमच्याबरोबरचेच. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती, चेहरा काही दिसला नाही." जरा थांबून तो म्हणाला, "त्यांना पुढे का नाही सोडलंत? एवढ्या थंडीत उभे होते बिचारे."

"बघतो," तो म्हणाला. का म्हणाला कोण जाणे.

"मी आत्ता तिकडूनच आलो," माळी म्हणाला. "उभेच आहेत अजून."

चहा कोमट होता. त्याने एका घोटात संपवला आणि गाडीत जाऊन बसला. काचा वर केल्यावर वाऱ्याचा आवाज एकदम बंद झाला.

संध्याकाळी ताईचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. म्हणजे ती पुन्हा स्वयंपाक करायला लागली होती.

"जाऊन आलास?"

"आलो."

"वारा होता का रे?"

"होता. फार."

"टोपी घातली होतीस ना? तू घालत नाहीस. त्यांच्यासारखाच तूही." ती थांबली. भांड्यांचा आवाजही थांबला. "पुरा केलास ना?"

"हो, ताई."

"सगळा?"

"सगळा."

तिने श्वास सोडलेला त्याला ऐकू आला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "सुटले म्हणायचे. आता मी जरा पडते. आज झोप लागेल असं वाटतंय."

"पड तू," तो म्हणाला.

तिने फोन ठेवला. बाहेर खिडकीची फळी वाऱ्याने हलत होती. ताई आता पडेल, कदाचित झोपेलही. त्याने हात वर केला नव्हता.